छापील तक्त्यांशिवाय प्रकल्प: शाळेच्या पाण्याचा सहा आठवड्यांचा हिशेब, टप्प्याटप्प्याने

सहावी ते आठवीच्या वर्गात प्रकल्प म्हणून जे जमा होतं, त्यातलं बरंचसं स्टेशनरीच्या दुकानातून आलेलं असतं. ‘प्रदूषण’, ‘पाणी वाचवा’, ‘पानांचे प्रकार’ असे छापील तक्ते आणून कापले जातात, फाईलमध्ये चिकटवले जातात. मुखपृष्ठ घरातलं कोणीतरी सजवतं आणि मजकूर मोबाईलवरून उतरवला जातो. आता तर एआयला सांगितलं की दहा पानं मिनिटभरात हजर होतात. मग त्या फाईलमधलं काही विचारलं की मूल गप्प होतं. यात मुलाचा दोष नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच छापून तयार आहे, त्यात मुलाने करण्यासारखं काही उरतच नाही.

ही मुलं मोठी होऊन कामाला लागतील तेव्हा माहिती गोळा करून नीट लिहून देणं हे काम यंत्र करत असेल. माणसाला करावं लागेल ते निराळं आहे. गुंतागुंतीतून नेमका प्रश्न काढावा लागेल, स्वतः मोजावं लागेल, दोन उत्तरं जुळली नाहीत तर कारण शोधावं लागेल, आणि हाती आलेलं निर्णय घेणाऱ्या माणसापुढे मांडावं लागेल. हे सगळं सातवीच्या वर्गात, फारसा खर्च न करता शिकवता येतं. खाली एकच प्रकल्प पूर्ण दिला आहे: शाळेत रोज किती पाणी येतं, कुठे जातं, किती पुरतं. पाणी घेण्याचं कारण साधं आहे. ते मोजता येतं, प्रत्येक शाळेत असतं, आणि त्याबद्दल निर्णय घेणारी माणसं हाकेच्या अंतरावर असतात.

अंदाज ३० ते ३५ मुलांच्या वर्गाचा धरला आहे. आठवड्याला तीन तास लागतील, त्यातले दोन जोडून.

## १. तयारी: सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी

तारीख उलटी मोजा. प्रकल्प कुठे संपणार ते आधी ठरवा. ग्रामीण शाळेसाठी उत्तम जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारीची ग्रामसभा धरली तर १५ डिसेंबरच्या सुमारास सुरुवात करावी लागते. १५ ऑगस्टची धरली तर जुलैच्या पहिल्याच आठवड्यात. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे ऑगस्टची तारीख गाठताना ओढाताण होते, म्हणून जानेवारीच बरी. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तयारीत एक आठवडा हमखास जातो. तो वेगळा धरा. शहरातल्या शाळेने शाळा व्यवस्थापन समितीची बैठक हे शेवटचं ठिकाण धरावं.

जोडतास मागून घ्या. पस्तीस मिनिटांच्या एका तासात मुलं बाहेर जाऊन, मोजून, नोंद करून परत येऊ शकत नाहीत. मुख्याध्यापकांकडून आठवड्यातून एकदा गणित आणि विज्ञानाचे तास जोडून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्यातले दोन दिवस इथे वापरता येतात.

सामान. एक लीटरचं मापाचं भांडं, दोन बादल्या, पसरट घमेलं, पाच मीटरचा टेप, दोन मीटरची सरळ काठी, मिलीलीटरच्या खुणा असलेला पेला, सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा शिक्षकाचा फोन, आणि प्रत्येक गटाला एक बांधीव वही. सुटे कागद देऊ नका, ते हरवतात.

बादली आधी मोजा. वीस लीटरची म्हणून घेतलेली बादली काठोकाठ भरल्यावर वीसची असेलच असं नाही. एक लीटरच्या भांड्याने पाणी ओतत दर पाच लीटरला ऑईलपेंटने आतून रेघ मारा. हे काम मुलांसमोर, शक्यतो मुलांकडूनच करून घ्या. मोजण्याचं साधन आधी तपासायचं असतं, हा प्रकल्पातला पहिला धडा असतो.

स्वतः एकदा करून पाहा. शाळेत एकूण नळ किती, हौद आतून किती लांब-रुंद, पाणी किती वाजता येतं, मोटर कोण लावतं, एवढं शिक्षकाला ठाऊक हवं. उत्तर मात्र मुलांना सांगायचं नाही.

पालकांना चिठ्ठी. चार ओळी पुरतात: ‘हा प्रकल्प शाळेतच होईल. घरी काहीही लिहायचं, चिकटवायचं किंवा विकत आणायचं नाही. मुलाने काही विचारलं तर माहीत असेल ते तोंडी सांगा. माहीत नसेल तर ‘तूच शोधून मला सांग’ असं म्हणा.’ ही चिठ्ठी गेली नाही तर तिसऱ्या आठवड्यात सजवलेल्या फायली येऊ लागतात.

> सावधान: ‘पाणी वाचवा’ हा निष्कर्ष आधीच फळ्यावर लिहू नका. अनेक शाळांत मोजल्यावर कळतं की पाणी वाया जाण्यापेक्षा ते पुरेसं येत नाही, हीच अडचण मोठी आहे. घोषणा आधी ठरली की मुलं तिला साजेसेच आकडे शोधतात.

## २. पहिला आठवडा: विषयातून प्रश्न काढणं

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. ‘पाणी’ हा विषय झाला. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत देता येईल आणि ते शोधायला उठून जावं लागेल.

१) मुलांना वीस मिनिटं शाळाभर फिरवा. प्रत्येकाने पाण्याशी संबंधित पाच गोष्टी लिहायच्या, फक्त डोळ्यांना दिसलेल्या. ‘पाणी वाया जातं’ ही नोंद चालणार नाही. ‘तिसऱ्या नळातून थेंब पडतोय, खाली शेवाळ आहे’ ही चालेल.

२) वर्गात परत आल्यावर प्रत्येकाने दोन प्रश्न लिहायचे. भाषा वेडीवाकडी असली तरी शिक्षकाने दुरुस्त करायची नाही.

३) सगळे प्रश्न फळ्यासमोर तीन ढिगांत लावा: फोनवर सापडेल, कोणाला विचारून कळेल, मोजल्याशिवाय कळणारच नाही. हे लावणं मुलांनीच करायचं. त्यावर वाद होतो, तो होऊ द्या.

४) तिसऱ्या ढिगातून चार प्रश्न निवडा. साधारणपणे ते असे येतात: दिवसभरात हौदातून किती पाणी जातं? कोणता नळ मिनिटाला किती पाणी देतो? गळणाऱ्या नळांतून दिवसाला किती जातं? एका मुलाला हात धुवायला किती लागतं?

५) मोजण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. ही पायरी गाळू नका. अंदाज लिहिलेला नसेल तर नंतर सगळेच म्हणतात, ‘मला आधीच वाटलं होतं.’

गट. चार-चार मुलांचे आठ गट करा आणि प्रत्येक प्रश्न दोन गटांना द्या. दोन गटांना एकच काम देणं हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण पडताळणी त्यावरच उभी आहे. गटात चार कामं असतील: मोजणं, नोंद करणं, वेळ पाहणं, सामान सांभाळणं. ती दर आठवड्याला फिरवा. फिरवली नाहीत तर सहाही आठवडे मुली लिहीत राहतात, मुलगे मोजत राहतात, आणि अबोल मूल बादली धरून उभं राहतं.

तपासा: गटातल्या कोणत्याही मुलाला ‘तुमचा प्रश्न काय?’ असं विचारलं तर ते एका वाक्यात सांगू शकतं का? नाही सांगू शकलं तर पुढे जाऊ नका.

## ३. दुसरा आणि तिसरा आठवडा: मोजणं

निदान पाच दिवसांच्या नोंदी हव्यात, त्यात एक शनिवार धरा. शनिवारी शाळा सकाळची असते, वापर वेगळा दिसतो, आणि ‘सरासरी’ म्हणजे काय हे तिथे नीट कळतं.

### हौद

लांबी-रुंदी आतून मोजा. बाहेरून मोजणं ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती लहान नाही. हौद आतून २ मीटर गुणिले १.५ मीटर असेल आणि भिंत १५ सेंटिमीटर जाड असेल, तर बाहेरून माप २.३ गुणिले १.८ येतं. आतलं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, बाहेरचं ४.१४. म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा ३८ टक्क्यांनी फुगलेला.

काठी तळाला टेकवून ओली खूण मोजा. शाळा भरताना एकदा, सुटताना एकदा. पातळी १२ सेंटिमीटरने उतरली असेल तर २ × १.५ × ०.१२ = ०.३६ घनमीटर, म्हणजे ३६० लीटर. मध्येच मोटर लावली जात असेल तर भरण्याआधी आणि भरून झाल्यावर अशा दोन जादा नोंदी घ्या. नाहीतर पातळी संध्याकाळी वाढलेली दिसते आणि गट गोंधळतो.

गोल टाकीचा व्यास थेट मोजता येत नसेल तर दोरीने घेर मोजून त्याला ३.१४ ने भागा.

> सावधान: हौदाचं झाकण शिक्षकानेच उघडायचं, काठीही शिक्षकानेच सोडायची. मुलं वाचन घेतील आणि लिहितील. गच्चीवरच्या टाकीवर कोणत्याही मुलाने चढायचं नाही, विहिरीत डोकावायचं नाही. टाकी गच्चीवरच असेल तर हौदाचा भाग सोडून द्या आणि नळांवरून हिशेब करा.

शहरात पाण्याचा मीटर असेल तर काम सोपं होतं, पण आकडे वाचताना चूक होते. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे असतात आणि लाल आकडे त्याच्या अंशाचे. मुलं सगळे आकडे एकत्र वाचतात आणि वापर हजारपट होतो.

### नळाचा वेग

बादली सपाट जागेवर ठेवा, नळ पूर्ण उघडा, वीसच्या रेघेपर्यंत किती सेकंद लागतात ते पाहा. ८० सेकंद लागले तर मिनिटाला १५ लीटर. तीनदा मोजा, तिन्ही वाचनं लिहा, मग सरासरी काढा. मोजताना शेजारचा नळ उघडा असेल तर वेग कमी येतो, म्हणून ‘शेजारचे नळ बंद/चालू’ हे शेऱ्यात लिहायलाच हवं.

### गळती

थेंब मोजत बसू नका. थेंबाचा आकार नळागणिक बदलतो. खाली पेला ठेवून दहा मिनिटं थांबा. १५० मिलीलीटर जमलं तर तासाला ९०० मिलीलीटर आणि चोवीस तासांत २१.६ लीटर. पण हा शेवटचा आकडा नळाच्या लाईनला दिवसरात्र पाणी असेल तरच खरा. रात्री वॉल्व्ह बंद होत असेल तर जितके तास लाईन चालू, तितक्याच तासांनी गुणा. हे मुलांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा: ‘रात्री पण गळतं का? कोणी पाहिलं?’

### हात धुणं

नळाखाली घमेलं ठेवून दहा मुलांना एकेक करून नेहमीसारखे हात धुवू द्या. जमलेलं पाणी मोजून दहाने भागा. आपल्यावर लक्ष आहे हे कळल्यावर मुलं नळ लवकर बंद करतात. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा कमी येतो, तो वेगळा ठेवा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

### नोंद कशी लिहायची

वहीतली ओळ अशी दिसायला हवी:

*मंगळवार, स. १०.४० | नळ क्र. ३ | २० लीटर, ८२ सेकंद | मोजलं: सामिया, वेळ: ओंकार | शेजारचा नळ चालू होता, म्हणून पुन्हा घेतलं: ७७ सेकंद*

पेनने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा, खोडरबर नाही. चुकलेला आकडा वाचता यायला हवा, कारण पुढे तोच बरोबर निघू शकतो. एकक नसलेला आकडा नोंद म्हणून धरायचा नाही. हजेरीचा आकडा त्या दिवशीचाच घ्या; पटावर ९० आणि हजर ७२ असतील तर ९० ने भागलेलं उत्तर खोटं आहे.

तपासा: एकच काम केलेल्या दोन गटांचे आकडे शेजारी लिहा. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर दोघांनी एकत्र जाऊन पुन्हा मोजायचं.

या तपासणीला एक पूर्ण जोडतास द्या. एका गटाच्या नळाला मिनिटाला १५ लीटर आणि दुसऱ्याच्या त्याच नळाला ११, हे फळ्यावर दिसलं की वर्गात पहिला प्रश्न येतो, ‘सर, बरोबर कोणाचं?’ इथे उत्तर देऊ नका. ‘फरक का पडला असेल?’ एवढंच विचारा आणि थांबा. बादली कलती होती, घड्याळ उशिरा चालू केलं, एकाने सकाळी हौद भरलेला असताना मोजलं आणि दुसऱ्याने दुपारी पातळी उतरल्यावर. शेवटचं कारण सापडलं तर मुलांनी पाण्याचा दाब स्वतः शोधून काढला. पाठ्यपुस्तकातल्या त्या धड्याला मग फार वेळ लागत नाही. घाईने ‘दोन्हींची सरासरी घ्या’ म्हणून पुढे गेलात, तर सहा आठवड्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट हातची गेली.

### पिण्याच्या पाण्याबद्दल थोडंसं

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर स्वस्त मिळतो आणि मुलांना आवडतो, पण त्याचा अर्थ नीट सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस लीटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला जातो. हा आकडा क्षारांचा आहे. तो कमी आला म्हणून पाणी जंतुविरहित ठरत नाही. जंतूंचा बंदोबस्त झाला आहे का, याचा अंदाज उरलेल्या क्लोरीनवरून येतो. तो लीटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. गावात जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्याची शुद्धता पाहणारे कर्मचारी, त्यासाठी ओटी चाचणी करतात: पाण्यात एक रसायन टाकतात, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. त्यातलं रसायन मुलांच्या हातात द्यायचं नाही. जलसुरक्षकांना बोलवा, त्यांनी करावं आणि मुलांनी पाहावं.

## ४. चौथा आठवडा: माणसांना विचारणं, आणि त्यानंतर फोन

आता मुलांकडे आकडे आहेत, म्हणून प्रश्नही नेमके येतात. विचारण्यासारखी माणसं: शाळेचे शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, गावात पाणी सोडणारे कर्मचारी, ग्रामपंचायतीतलं कोणी. प्रत्येकाकडे एकच गट पाठवा. तीस मुलांनी मावशींना गराडा घातला तर त्या दिवशीची खिचडी करपेल आणि माहितीही मिळणार नाही.

- आधी शाळेकडून कळवा आणि वेळ घ्या.
- सहाच प्रश्न. ‘पाणी पुरतं का?’ ऐवजी ‘मावशी, पाणी आलं नाही त्या दिवशी तुम्ही काय करता? कुठून आणता? किती हंडे?’
- एकाने विचारायचं, दोघांनी लिहायचं, चौथ्याने ऐकून शेवटी राहिलेलं विचारायचं.
- निघण्याआधी लिहिलेलं वाचून दाखवायचं: ‘आम्ही असं लिहिलं, बरोबर आहे ना?’
- कोणी तक्रार सांगितली तर वहीत नाव लिहायचं नाही.

फोन आणि एआय याच आठवड्यात आणायचं, त्याआधी नाही. आधी आणलं तर मुलं आपलं माप त्या आकड्याशी जुळवायला बघतात. वहीत तीन रकाने आखा: *आम्ही मोजलं, माणसाने सांगितलं, फोनवर मिळालं.* मग सगळ्या वर्गासमोर शिक्षकाच्या फोनवर एआयला विचारा: ‘गळका नळ दिवसाला किती पाणी वाया घालवतो?’ उत्तर ठाम भाषेत येईल आणि मुलांच्या २१.६ लीटरशी बहुधा जुळणार नाही. आता दुसरा प्रश्न मुलांनी सुचवायचा: ‘हा आकडा काढताना काय गृहीत धरलं?’ थेंबाचा आकार, सेकंदाला किती थेंब, किती तास. आपल्या नळाबद्दल यंत्राला काही ठाऊक नाही, ते सर्वसाधारण नळाबद्दल बोलतंय, हे मुलांना स्वतःच्या आकड्यावरून समजतं. एआयवर बंदी घालून हे शिकवता येत नाही, आणि त्याच्या हाती प्रकल्प सोपवूनही नाही.

तपासा: प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला हे लिहिलेलं आहे का? रकाना ठरवता येत नसेल तर तो आकडा काढून टाका.

## ५. पाचवा आठवडा: हिशेब जुळवणं

सगळे गट एकत्र बसून एकच तक्ता करतात. समजा हौदातून एका दिवसात ३६० लीटर गेलं. खिचडी आणि भांडी ९०, पिणं ६०, हात धुणं आणि स्वच्छतागृह ११०, शाळेच्या वेळेतली गळती ६. बेरीज २६६. उरलेल्या ९४ लीटरचा पत्ता नाही.

हे ९४ लपवू नका. मुलांचा कल ते ‘इतर’ मध्ये टाकून मोकळं होण्याकडे असतो. त्याऐवजी रात्रीची चाचणी करा. शाळा सुटल्यावर सगळे नळ बंद, मोटर बंद, हौदाचं झाकण बंद. पातळी मोजून लिहा, दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी पुन्हा मोजा. वरच्या मापाच्या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे ३० लीटर. गळक्या नळांतून रात्रीत जाणारं पाणी वजा करूनही पातळी उतरली तर हौदाला चीर आहे किंवा जमिनीखालची पाईप गळते आहे. उतरली नाही तर दिवसाच्या वापरातलं काहीतरी मोजायचं राहिलं: झाडांना पाणी, फरशी धुणं, दुपारी शाळेत पाणी प्यायला येणारी बाहेरची माणसं.

यानंतर ३६० ला हजर असलेल्या ७२ ने भागा. दरडोई ५ लीटर. दिवसाच्या शाळेसाठी भारतीय मानक दरडोई ४५ लीटर धरतं. हा आकडा फळ्यावर आला की प्रकल्पाची दिशा बदलू शकते. नळाला वायसर बसवून रोजचे वीस लीटर वाचतील, ते वाचवायलाच हवेत. पण मुलींच्या स्वच्छतागृहात पाणीच पोहोचत नसेल तर वर्गाने मागायची गोष्ट दुसरी आहे. आकड्यांनी जिकडे नेलं तिकडे वर्गाला जाऊ द्या.

एक दुरुस्ती करा. मुलांच्या आवाक्यातली एकच: वायसर बदलणं, झाडांकडे हात धुण्याचं पाणी वळवणं. प्लंबर किंवा शिक्षक करतील, मुलं मदत करतील. दुरुस्तीनंतर त्याच पेल्याने, त्याच दहा मिनिटांत पुन्हा मोजा. हे दुसरं माप नसेल तर दुरुस्तीने काय साधलं ते सांगता येणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रकल्प असेल तर छतावरचं पाणीही मोजता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर. ४८ चौरस मीटरच्या खोलीवर १० मिलिमीटर पडला तर ४८० लीटर. गळती-शिंतोडे वजा जाता पत्र्यावरून साधारण ८० टक्के, म्हणजे ३८४ लीटर हाती लागतं. छप्पर उतरतं असलं तरी क्षेत्रफळ त्याच्या खालच्या जमिनीचं धरायचं, पत्र्याचं नाही. इथे हमखास चूक होते.

आलेख हातानेच, आलेख कागदावर. दोन पुरेत: नळनिहाय वेग, आणि दुरुस्तीआधी-नंतरची गळती. उभ्या अक्षावर एकक लिहिलं नसेल तर आलेख परत द्या.

## ६. सहावा आठवडा: मांडणी

प्रदर्शन भरवून पालकांना फिरवणं सोपं आहे, पण तिथे निर्णय कोणी घेत नाही. मांडणी अशांपुढे करा जे ‘करतो’ किंवा ‘जमणार नाही’ म्हणू शकतात. ग्रामसभेत मांडायचं असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) पत्र किमान पंधरा दिवस आधी द्या, म्हणजे विषयपत्रिकेत विषय येईल. आयत्या वेळचा विषय म्हणून मुलांना उभं केलं तर कौतुक होतं, नोंद होत नाही.

मांडणी आठ मिनिटांची. एक मुख्य आकडा, तो कसा काढला, एक कारण, एक मागणी. पत्राचा नमुना:

*‘आम्ही पाच दिवस मोजलं. आमच्या शाळेत हजर मुलामागे रोज ५ लीटर पाणी वापरलं जातं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाला दुपारी १ नंतर पाणी येत नाही, हे पाचही दिवस पाहिलं. हौदापासून त्या नळापर्यंतची पाईप १४ मीटर आहे. ती बदलावी आणि हे काम कधी होईल ती तारीख कळवावी, ही विनंती. नोंदवह्या सोबत आणल्या आहेत.’*

भाषण पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी वर्गात दोनदा सराव घ्या आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांना अवघड प्रश्न विचारायला बसवा. सभेत शिक्षकाने मागे बसायचं. प्रश्न आला आणि मूल अडखळलं तर दहा सेकंद थांबा. बहुतेक वेळा शेजारचं मूल उत्तर देतं. ‘ते आम्ही मोजलं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे, आणि ते म्हणायला मुलांना शिकवायला हवं.

## ७. गुण कशाला द्यायचे

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प हे एक साधन आहे, पण या सहा आठवड्यांतून दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि उपक्रम यांच्याही नोंदी निघतात. वेगळं काही घेत बसण्याची गरज नाही. सजावटीला आणि अक्षराला गुण देऊ नका. दिलेत तर पुढच्या वर्षी पुन्हा छापील तक्ते येतील.

चार गोष्टी पाहा: प्रश्न मोजता येण्याजोगा केला का, नोंद दुसऱ्याला वाचून कळते का, आकडे जुळले नाहीत तेव्हा पुन्हा मोजलं का, आणि न मोजलेल्या गोष्टीबद्दल खात्रीने बोलणं टाळलं का. गटाला एकच गुण देऊन थांबू नका. प्रत्येक मुलाला दुसऱ्या गटाच्या वहीतलं एक पान द्या आणि दोन मिनिटांत समजावून सांगायला सांगा. बादली धरून उभं राहिलेलं मूल इथे लगेच लक्षात येतं. त्याला कमी गुण देऊन भागणार नाही. पुढच्या खेपेला मोजण्याचं काम आधी त्याच्याकडे द्या.

## लहान शाळेसाठी

द्विशिक्षकी शाळेत पाचवी ते सातवी मिळून वीसच मुलं असतील तर प्रश्न दोनच घ्या, हौद आणि गळती, आणि प्रत्येक गटात तिन्ही इयत्तांची मुलं ठेवा. गुणाकार-भागाकार मोठी करतील, वेळ आणि पातळी लहान मुलं अगदी चोख पाहतात. खालच्या वर्गांना त्या वेळेत काय काम द्यायचं ते आधी लिहून ठेवा, नाहीतर जोडतास दर वेळी अर्ध्यावर मोडतो.

## वर्षभरानंतर

नोंदवह्या रद्दीत देऊ नका. त्या पुढच्या सातवीला पहिल्याच दिवशी वाचायला द्या, आणि जुन्या मुलांपैकी दोघांना माप कसं घेतलं ते दाखवायला बोलवा. नव्या वर्गाने त्याच नळांचं, त्याच वेळेला, त्याच बादलीने माप घ्यायचं. बादली बदलली असेल तर आधी रेघा पुन्हा मारून घ्यायच्या, आणि ग्रामपंचायतीने दिलेली तारीख उलटून गेली असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तेवढं लिहून नव्या पत्राने सुरुवात करायची.